कोणापेक्षा सरस

मी यादी करणारी बाई आहे. फ्रिजवर भाजीची यादी, कपाटाच्या दाराला आतून औषधांची, पर्समध्ये दिवसभराच्या कामांची. घरचे हसतात आणि मग गिझरचं बिल कुठे ठेवलंय ते मलाच विचारतात. बडोद्यात खाजगी एफएम स्टेशनं सुरू झाली तेव्हा त्यातल्या एकाने मला नोकरी दिली, ती बोलण्यासाठी नव्हे, याद्या करण्यासाठी. मला त्यात कमीपणा वाटला नाही. कुठलं गाणं कुठल्या गाण्यानंतर लागणार, जाहिरात कधी, निवेदकाने किती वेळ बोलायचं, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय रेडिओ चालत नाही.

रेडिओ मला नवा नव्हता. नव्वदच्या दशकात मी सरकारी केंद्रावर कॅज्युअल अनाउन्सर होते. महिन्यातून ठरावीक दिवस ड्यूटी. तिथे बोलायचं ते आधी लिहायचं आणि लिहिलेलं अधिकाऱ्यांना दाखवायचं अशी पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायची. शेतीचा कार्यक्रम गुजरातीत, गाणी हिंदी, फर्माइशी पोस्टकार्डावर. मराठीसाठी आमच्या घरी संध्याकाळी रेडिओची सुई मुंबईकडे सरकवायची आणि वडील सेट खिडकीच्या गजाला टेकवून, मान वाकडी करून ऐकत बसायचे. आमच्या घराण्याने संस्थानाच्या फौजेत नोकरी केली. संस्थान गेलं, फौज गेली, आम्ही इथेच राहिलो. घरात मराठी, ओटल्यावर गुजराती. पण आमच्या शहरातून, आमच्या मराठीत कोणी बोलतंय असं काही त्या सेटवर लागलं नाही.

खाजगी स्टेशन एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली साडीचं दुकान, वर आम्ही. माझ्या टेबलासमोर पांढरा फळा आणि त्यावर मोठं गोल घड्याळ काढलेलं. रेडिओच्या धंद्यात तासाचं असंच घड्याळ काढतात. त्याचे पिझ्झासारखे तुकडे करायचे: इथे गाणं, इथे बडबड, इथे जाहिराती. फॉरमॅट बदलला म्हणजे काय झालं, तर ते घड्याळ पुसलं आणि दुसरं काढलं. मी तिथे लागल्यापासून ते बऱ्याचदा पुसलं गेलं, आणि दर वेळी डस्टर माझ्याच हातात होतं.

सुरुवातीच्या घड्याळात सगळ्यांना जागा होती. सकाळी गुजराती भजनं, दुपारी हिंदी, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांसाठी इंग्रजी. पहाटेचे सहा ते साडेसहा मात्र रिकामे होते, कारण त्या वेळेला कोणी जाहिरात देत नव्हतं. तेव्हाचे स्टेशनचे साहेब इथलेच, गुजराती. मी त्यांना त्या रिकाम्या तुकड्याचं विचारलं.

"बेन, सवारे छ वागे कोण सांभळे छे? तमने जे गमे ते मूको."

हवं ते लावा, असं ते म्हणाले. पण सकाळी सहाला कोण ऐकतं ते मला माहीत होतं. माझा नवरा मकरपुऱ्यात पहिल्या पाळीला जायचा. कंपनीची बस, बसमध्ये रेडिओ, आणि अर्धी बस मराठी. मी फळ्यावर त्या तुकड्यात लाल मार्करने 'मराठी' लिहिलं. निवेदक शोधायला निघाले तर इतक्या लवकर यायला कोणी तयार होईना. मग मीच माइकसमोर बसले.

कार्यक्रमात विशेष काही नव्हतं. दोन-तीन मराठी गाणी. पाणी कुठल्या भागात उशिरा येणार. गोत्रीच्या कुठल्या सोसायटीत हळदीकुंकू आहे. कोणाच्या चाव्या सापडल्या. भाषा घरचीच. आम्ही भाजीला शाक म्हणतो आणि म्हटल्याचं आमच्या लक्षातही येत नाही. रोज सुरुवात हवेने व्हायची: "आज हवा सरस आहे. बसवाल्यांनी स्वेटर घरी ठेवला तरी चालेल." घरी आल्यावर नवरा म्हणायचा, "तुझं ऐकून स्वेटर ठेवला, आणि बसमध्ये कुडकुडलो." बायकोचं ऐकून झालेला त्रास तो मोठ्या आनंदाने सांगतो.

थोड्या वर्षांनी स्टेशन दुसऱ्या कंपनीकडे गेलं. तिची स्टेशनं बऱ्याच शहरांत होती. मराठी कार्यक्रम तपासायला पुण्याहून एक सल्लागार आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, अतिशय सभ्य. त्यांनी आठवडाभराचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला बोलावलं.

"मॅडम, आज हवा सरस आहे, असं तुम्ही रोज म्हणता."

"हो."

"कोणापेक्षा?"

"कोणापेक्षा म्हणजे?"

"सरस म्हणजे वरचढ. एक गोष्ट दुसरीपेक्षा सरस असते. नुसती हवा सरस कशी असेल?"

"आमच्याकडे असते."

"ते गुजराती झालं, मॅडम. गुजरातीत सरस म्हणजे छान. मराठीत नाही."

"हवाही बडोद्याचीच आहे ना."

ते हसले. मग मुद्द्यावर आले. कंपनीचा विचार असा होता की मराठी अर्धा तास पुण्यात एकदाच तयार करायचा आणि मराठी माणसं आहेत त्या सगळ्या शहरांना पाठवायचा. आवाज चांगला, उच्चार चांगले, भाषा शुद्ध. मी फक्त तो यादीत टाकायचा.

"तुमचं काम हलकं होईल," ते म्हणाले.

"पुण्याच्या निवेदिकेला आमच्या हरणी भागात पाणी कधी येणार ते कसं कळणार?"

"माहिती तुम्ही मेल करा. ती वाचेल."

माझं काम हलकं करायला येणाऱ्यांची मला सवय आहे. ते गेल्यावर काम असतंच, फक्त ते माझं नसतं. मी त्यांना सांगितलं, "शुक्रवारी फोन सुरू ठेवू. ऐकणाऱ्यांना विचारू. त्यांनी पुणं मागितलं तर पुणं मी स्वतः यादीत टाकीन." ते कबूल झाले. न होण्यासारखं त्यात काही नव्हतं. सहा वाजता फोन येणार तरी किती, असा त्यांचा हिशेब असावा.

शुक्रवारी ते काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसले. मी हवेचं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि मग सरळ विचारलं: पुण्याचे पाहुणे म्हणतात सरस हे मराठी नाही, हवा सरस तर कोणापेक्षा? तुम्ही काय म्हणता? आणि हा कार्यक्रम पुण्याहून आलेला चालेल का?

पहिला फोन हरणीहून, एका बाईंचा. मागे कुकरची शिट्टी. "काय तर विचारता सकाळी सकाळी. सरस म्हणजे सरस. डबा भरतेय मी, ठेवते."

दुसरा फोन कंपनीच्या बसमधून. ड्रायव्हर गुजराती, बस स्टॉपवर उभी करून बोलत होता. "बेन, आ बधा मराठी मारी बसमां झगडे छे. अडधा कहे सरस आपणो शब्द, अडधा कहे तमारो." मी विचारलं, तुमचं काय मत? तो म्हणाला, "मारे तो बस उपाडवी छे." त्याला बस सोडायची होती आणि ह्या मराठ्यांचं भांडण मिटत नव्हतं. मागून एक ओळखीचा आवाज आला, "माझं नाव घेऊ नका हां." माझ्या नवऱ्याचा. काचेपलीकडे पाहुण्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

तिसरा फोन दांडिया बाजारच्या एका काकांचा. ते माझे नेहमीचे श्रोते. त्यांचे आजोबा संस्थानाच्या कचेरीत होते, हे त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये येई, आणि माझी एखादी चूकही येई. त्यांचा आवाज ऐकला आणि मी मनातल्या मनात पुणं यादीत टाकायला घेतलं.

"ताई, मी पाहुण्यांशी पूर्ण सहमत आहे," काका म्हणाले. "माझे आजोबा हुजूर कचेरीत होते. आमच्या घरात मराठी मराठीसारखी बोलली जाते. सरस हा शब्द गुजराती अर्थाने आमच्याकडे कधीही, कोणीही वापरलेला नाही. तुम्हीही वापरू नये."

"बरं काका. आणि कार्यक्रम पुण्याहून आला तर?"

"छे. तो कशाला? हा सरस चाललाय, हाच चालू ठेवा."

मी फोन चालूच ठेवला. पलीकडे काकूंचा आवाज आला, "अहो, काय बोललात?" "काय बोललो?" "सरस बोललात." "मी? शक्य नाही." मग फोन ठेवल्याचा आवाज. काचेपलीकडे पाहुणे टेबलावर डोकं टेकवून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

जाताना ते म्हणाले, "मॅडम, शब्द चूकच आहे. पण माझ्याच बाजूचा माणूस तुमच्या बाजूने बोलला, त्याला मी काय करू?" पुण्याचा अर्धा तास आला नाही. काका महिनाभर फोन करायचे थांबले. मग एका सकाळी पुन्हा आले, आणि आल्या आल्या माझा एक उच्चार दुरुस्त केला.

पुढची काही वर्षं तो तुकडा फळ्यावर टिकला. आजूबाजूचे बदलत गेले. भजनं गेली, इंग्रजी गेलं, फर्माइशी पोस्टकार्डावरून मोबाइलच्या मेसेजवर आल्या. मग एकदा नवी स्टेशन हेड आली, हुशार, घाईतली, बाहेरगावची मुलगी. तिने सगळ्यांना बसवून सांगितलं की आता दिवसभर फक्त नवी हिंदी गाणी. "एक शहर, एक आवाज. लिसनर को कन्फ्यूज नहीं करना है. मराठी वाला स्लॉट बंद." मी हात वर करून विचारलं, का? तिने उत्तर दिलं, "मॅडम, मराठी तो वैसे भी सब हिंदी समझते हैं." समजतात हे खरं होतं. समजतं म्हणून स्वतःचं बोलायचं नाही, हा हिशेब मात्र मला अजून जमलेला नाही.

मग ती म्हणाली की थोडं लोकल पाहिजे, गुजराती शब्द अधूनमधून टाका. "जैसे केम छो, मजामां, सरस."

सरस ऐकलं आणि मी भांडायचे मुद्दे लिहिणं थांबवून पेनाचं टोपण लावलं.

मीटिंग संपल्यावर सगळे खाली सेव-उसळ खायला गेलो. तिला ती फार आवडायची. मी विचारलं, "उसळ कुठल्या भाषेतला शब्द आहे माहीत आहे?" ती म्हणाली, "गुजराती, ना?" मी तिला सांगितलं की आमच्या लोकांनी इथे येताना जे सामान आणलं त्यातलं ते आहे. तिने "ओ नाइस" म्हटलं आणि आणखी एक पाव मागितला.

अर्ध्या तासासाठी मी भांडले नाही. घड्याळ पुसायला मलाच सांगितलं होतं, मी पुसलं. पण एक मागितलं: सकाळी सहाला हवेचं एक वाक्य. फार तर तीस सेकंद, माझ्या आवाजात.

"हिंदी में या गुजराती में?"

"गुजराती में," मी म्हटलं.

"ओके, डन."

दुसऱ्या दिवशी सहाला मी म्हटलं, "आज हवा सरस." शेवटी 'आहे' नाही आणि 'छे'ही नाही. क्रियापद काढलं की ते वाक्य दोन्ही घरांत राहतं. गुजराती माणसाला ते गुजराती वाटतं. मकरपुऱ्याच्या बसमध्ये काय वाटलं ते लगेच कळलं. स्टेशनच्या मोबाइलवर एक मेसेज आला: "कोणापेक्षा?" पाच मिनिटांनी दुसऱ्या नंबरावरून तोच. मग तिसरा. नवऱ्याने संध्याकाळी शपथेवर सांगितलं की त्यातला एकच त्याचा.

ते रोज यायला लागले. हेडने मला बोलावलं. "मॅडम, ये कोणापेक्षा क्या है? रोज सुबह आता है."

"लिसनर फीडबॅक."

"पॉझिटिव?"

"बहुत."

विश्वामित्रीला पूर आला त्या आठवड्यात मी ते वाक्य म्हटलं नाही, कुठला पूल बंद आहे तेवढंच सांगितलं. पाणी उतरल्यावर पुन्हा म्हटलं, आणि मेसेजची रांग लागली.

आता ती हेड नाही. बसचा ड्रायव्हर निवृत्त झाला. नवऱ्याची कंपनी बंद झाली आणि तो गोत्रीत घरून हिशेबाची कामं करतो, पण सहाला रेडिओ लावतो. फळाही गेला. घड्याळ कॉम्प्युटरमध्ये आहे. गेल्या महिन्यात नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात प्रत्येक तुकड्याला भाषा निवडावी लागते: हिंदी, गुजराती, इंग्रजी. माझ्या तीस सेकंदांसमोर मी काहीच निवडलं नाही, तर तो तुकडा लाल झाला आणि पूर्ण दिवसाची यादी अडली. शिकवायला आलेला इंजिनियर म्हणाला, "मॅडम, गुजराती टाका ना. तसंही गुजरातीच आहे."

"चौथी भाषा घाल."

"तीस सेकंदांसाठी?"

"तीस सेकंदांसाठी."

"हेड ऑफिसला दिसेल."

"दिसू दे."

त्याने घातली. मी ती निवडली, लाल रंग गेला. तेव्हापासून स्टेशनच्या रोजच्या यादीत सकाळी सहासमोर 'मराठी' असं छापून निघतं आणि हेड ऑफिसला जातं. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मी तयार ठेवलं आहे: लिसनर फीडबॅक. अजून कोणी विचारलेलं नाही.