साळूबाई काय म्हणाली

नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आणि पाळकांना तर नाहीच नाही — ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही. तुम्हाला सांगायला बसले आणि एवढ्यात दोनदा उठून दूध उतू गेलं का ते बघून आले. गॅसवर काही ठेवलेलंच नाही. बसते आता.

तेव्हा मी नगरला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला होते. आमच्या चर्चचं सेवापथक दर मे महिन्यात पंधरा दिवस पिंपरीला जायचं. फाळणीला सात-आठ वर्षं झाली होती, तरी घरदार टाकून आलेली सिंधी कुटुंबं अजून तिथल्या लष्करी बराकींतच राहत होती. एका बाजूला शेतकऱ्यांचं जुनं पिंपरी गाव, दुसऱ्या बाजूला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम, त्यावर तेलुगू मजूर. एकाच नळावर चार भाषांत भांडणं चालायची. आम्ही मुलांना पावडरचं दूध वाटायचो, डोळ्यांत औषध घालायचो, बायकांना शिवण शिकवायचो. मला हिंदी चांगली यायची, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. त्याचा मला तोरा होता — हे आधीच सांगून टाकते.

बराकीत लाजवंतीबाई नावाची विधवा होती. पापड लाटून कॅम्पात आणि आजूबाजूच्या गावांत विकायची. दारात कुणीही आलं की आधी पापड आणि पाणी, ही सिंधी लोकांची रीतच. मला ती 'धीअ' म्हणायची, म्हणजे मुलगी. तिची खरी मुलगी कमला सोळा वर्षांची. कॅम्पातल्याच एका मुलाशी तिची 'मिश्री' झाली होती — नारळ आणि खडीसाखर देऊन सोयरीक पक्की करतात, त्याला ते मिश्री म्हणतात.

पहिल्याच वर्षी कमलाला मुदतीचा ताप आला. आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पथकाबरोबर असायचे; त्यांनी तिच्याजवळ बसायचं काम मला दिलं. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली, आणि मी भ्याले. मलाच लागण झाली तर? सोबतच्या मुलींना सांगायचे की कमलाकडे चालले आहे, आणि पवना नदीच्या काठी बाभळीखाली जाऊन बसायचे. चार वाजले की परत. असे तीन दिवस. का भ्याले, याचं कारण आहे माझ्याकडे, पण ते इथे सांगणार नाही. ते सांगितलं की तुम्ही मला माफ करायला लागाल.

चौथ्या दिवशी ताप उतरल्याचं कळलं, तेव्हा गेले. ते तीन दिवस गावातून दूध घालायला येणारी साळूबाई आणि तिची म्हातारी सासू कमलाजवळ बसल्या होत्या. लाजवंतीबाईने आपल्या झूलेलालला नवस केला होता. संध्याकाळी ती नदीत दिवा सोडून आली. मी कुठे होते, हे तिने विचारलं नाही. पापड पुढे ठेवला.

इथवर तर नुसता भित्रेपणा. एवढाच असता तर आज असं सांगायला बसले असते का?

नगरला परतल्यावर रविवारच्या उपासनेत प्रत्येक स्वयंसेवकाने उभं राहून साक्ष द्यायची पद्धत होती — सेवेत देवाने काय दाखवलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या आधीच्या मुली काय सुंदर बोलल्या. माझा नंबर आला. माझ्याकडे काय होतं? बाभूळ होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की तीन दिवस मी त्या मुलीच्या उशाशी गुडघे टेकून होते, आणि ताप उतरताच तिच्या आईने हात जोडून प्रभू येशूचं नाव घेतलं. मला थांबताच येईना. बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेबांचा आवाज भरून आला. त्याच आठवड्यात त्यांनी मुलींच्या शाळेत मला नोकरी देण्याचं कबूल केलं.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा पिंपरीला गेलो. पहिल्याच दिवशी पाळकसाहेबांनी सगळ्या कॅम्पासमोर ती साक्ष सांगितली, लाजवंतीबाईचं नाव घेऊन. त्यांना वाटलं, आपण तिचा मान करतो आहोत. भला माणूस, माझ्या शब्दावर विसंबलेला. दुसऱ्या दिवशी ते औषधं आणायला पुण्याला गेले आणि दुपारी मला पंचायतीचं बोलावणं आलं.

दोन बराकींच्या मधल्या सावलीत खाटा टाकल्या होत्या. कमलाची मिश्री झालेल्या मुलाचे काका म्हणत होते, जिने धर्म सोडला तिच्या घरची मुलगी आम्हाला नको. लाजवंतीबाईचं सांगून झालं होतं, की असं काही घडलंच नाही. पण जिच्यावर आळ आहे तिच्या सांगण्याला कोण किंमत देतं? पंचायतीचे प्रमुख, त्यांना मुखी म्हणत, म्हातारे आणि सभ्य होते. त्यांनी मला खाटेवर बसवलं.

"बेटी, इतना ही बता. कमला की माँ ने वो नाम लिया था?"

किती सोपं होतं — नाही म्हणायचं. पण ते पाळकसाहेबांच्या कानावर गेलं असतं, मग नगरला, मग शाळेत. मी "जी" म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात मागून साळूबाई पुढे आली, कमरेवर दुधाची कासंडी. कॅम्पात तिचा दुधाचा व्यवहार बोटांच्या खुणांवर आणि मापावर चालायचा. हिंदी तिला येत नव्हती. कुणी बोलावलं नसताना ती मराठीत बोलली.

"ही बाई नव्हतीच तवा तिथं. तीन दिस मी व्हते आन माजी सासू व्हती. लाजवंतीनं तिच्याच देवाला हाक मारली. दुसऱ्या कुनाचं नाव काडलं न्हाई."

मुखींना मराठी कळत नव्हती. ते माझ्याकडे वळले. "ये क्या कहती है?"

प्रत्येक शब्दाची हिंदी मला येत होती. मी म्हणाले, "कहती है, उन दिनों मैं दूध पहुँचाने आती थी।"

आणि साळूबाईने समाधानाने मान हलवली. तिला वाटलं, मी तिचंच बोलणं सांगितलं.

मराठी येणारं त्या घोळक्यात माझ्याखेरीज एकच माणूस होतं — लाजवंतीबाई. गावोगाव पापड विकून शिकलेली. तिने दोन्ही ऐकलं. काकांनी मिश्रीचा नारळ तिच्यापुढे मातीत ठेवला आणि लोक उठले.

मीही उठले, तर तिने मला हाताला धरून घरात नेलं. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं. कमला शेगडीपाशी पाठमोरी बसली होती. आईने सांगितलं तसा तिने पापड भाजला, मागे न बघता माझ्याकडे सरकवला.

"बैठ, धीअ," लाजवंतीबाई म्हणाली. "मेरे दर से कोई सूखा नहीं जाता।"

मी खाल्ला. पाणीही प्याले.

मला शाळा मिळाली. तीस वर्षं शिकवलं. दहा आज्ञा मुलींकडून पाठ करून घेतल्या, त्यात खोट्या साक्षीची नववीही. पिंपरीला पुन्हा गेले नाही. कमलाचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. मुखी केव्हाच गेले असतील. पण त्यांचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे — ही काय म्हणते?

ती म्हणते, ही बाई तिथे नव्हती.

मी तिथे नव्हते.