क्रेनबाईचे हात आणि सात वर्षांचा कॉम्प्युटर

कंटेनर उचलायला अक्कल लागत नाही, ठेवायला लागते. हे क्रेनबाईचं ठाम मत, आणि ते तिने एकतीस वर्षं गोदीत, जमिनीपासून पंधरा मजले वर टांगलेल्या केबिनमध्ये बसून कमावलेलं होतं. ट्रकवर खोकं टेकवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खाली ट्रकवाले आपापल्या ट्रकमध्येच चहा पीत बसलेले असायचे. कपातला चहा हिंदकळला नाही की ते ओळखायचे, आज वर बाई आहेत. नव्या मुकादमाने पहिल्याच दिवशी, बाईमाणसाला हे झेपेल का, असं विचारलं होतं. दोन महिन्यांनंतर तोच पाहुण्यांना घेऊन यायचा आणि बोट वर करून तिची केबिन दाखवायचा. कशाला खोटं बोला, बाईला ते फार आवडायचं.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात. हिने विमान उडवायला घेतलं. कॉम्प्युटरवरचं, पण खोटं विमान म्हटलेलं तिला खपायचं नाही. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत राहिला होता. तिने त्याला उडवायची दांडी जोडली, पायाखाली पेडल्स बसवले आणि खिडकीचा पडदा कायमचा ओढून घेतला. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत त्याचं दुकान. विमानातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने खुर्चीचं माप घेऊन गादी शिवून दिली आणि मशीन चालवता चालवता मागून येणारी इंजिनाची घरघर ऐकत राहिला.

अशी चार वर्षं गेली. गावोगावच्या उडवणाऱ्यांचा इंटरनेटवर एक क्लब होता, तिथे दर शनिवारी सकाळी नवशिक्यांना विमान उतरवायला शिकवण्याचं काम आपोआप बाईकडे आलं. उतरल्यावर पडद्यावर एक आकडा येतो, चाकं जमिनीवर किती जोरात आदळली त्याचा. शंभराच्या आत आला की उतरणं मऊ. बाईचा आकडा चार वर्षं सत्तर-ऐंशीच्या वर गेला नव्हता. क्लबमधली पोरंटोरं तिला 'लोणी' म्हणायची.

आणि मग खेळाची नवी आवृत्ती आली, आणि बाईचा आकडा बिघडला. एकदा एकशेवीस, लगेच तीनशेऐंशी. एकदा तर शिकवता शिकवताच विमान असं आपटलं की शिकणाऱ्याने विचारलं, असंच उतरवायचं का?

मुलगा फोनवर म्हणाला, यंत्र जुनं झालंय, सात वर्षं म्हणजे कॉम्प्युटरची म्हातारचळाची वेळ, मी नवा पाठवतो, विषय संपला. त्याच्यासाठी संपला असेल. बाई नको म्हणाली, आणि का ते तिने सांगितलं नाही. सांगणार कसं? यंत्र जुनं झालं होतं हे तिलाही दिसत होतं. पण तीही सहासष्ट वर्षांची झाली होती.

गोदीत तिला काम शिकवणारे वस्ताद होते. वयाने त्यांच्या हातांचा नेम गेला, हात 'गेले', तरी ते खाली उतरायला तयार नव्हते. कधी वारा वाईट, कधी दोर वाईट, कधी ब्रेक वाईट. शेवटी एके दिवशी त्यांनी ट्रकची केबिन चेपली. चालक लघवीला गेला होता म्हणून वाचला. त्या दिवशी बाईने ठरवलं होतं की आपले हात गेले की कुणी सांगायच्या आधी आपण उतरायचं. शनिवारची शिकवणी बंद, उडवणंही बंद. तेव्हा प्रश्न कॉम्प्युटर कधी बदलायचा एवढाच नव्हता. म्हातारं नक्की कोण झालंय, तो की मी, हे आधी कळायला हवं होतं. हात गेले असतील तर नवं यंत्र म्हणजे नुसती रंगरंगोटी.

तिने मग काय काय नाही केलं? कॉम्प्युटर उघडून आतली धूळ काढली. खेळातले ढग घालवले, सावल्या घालवल्या, झाडं घालवली, शहर बुटांच्या खोक्यांसारखं दिसायला लागलं. आकडा काही हलेना. एका दुपारी नवरा जेवून पडला असताना ती त्याच्या दुकानात बसली आणि सगळ्यात बारीक नेढ्याच्या सुया ओवून पाहिल्या. अकराच्या अकरा पहिल्या झटक्यात ओवल्या गेल्या, तरी तिचं समाधान होईना. नवऱ्याला उठल्यावर त्या दुकानातल्या सुयांच्या उशीत टोचलेल्या सापडल्या. तो एवढंच म्हणाला की पांढऱ्याऐवजी काळा दोरा ओवला असतास तर निदान माझं काम झालं असतं.

शेवटी तिला गोदीतला नियम आठवला. चालकाने क्रेन बिघडल्याची तक्रार केली की त्याला दुसऱ्या क्रेनवर बसवून तीन खोकी ठेवायला लावायचे. चूक त्याच्याबरोबर तिकडे गेली तर क्रेन ठीक, माणसाला घरी पाठवा. गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदाराने कुणासाठी तरी नवा कॉम्प्युटर जोडून ठेवला होता, त्यावर त्याने काकूंचा खेळ घालून द्यायचं कबूल केलं. मंगळवारी सकाळी बाई पिशवीत दांडी घालून निघाली, तर नवऱ्याने चक्क दुकानाचं शटर ओढलं आणि पेडल्स काखेत मारून तो मागोमाग आला. कामाच्या दिवशी शटर ओढणारा हा माणूस नव्हे. पण बाई स्वतःच्याच विचारात होती.

दुकानात प्रिंटर दुरुस्तीला घेऊन आलेली एक महिला बाकावर बसली होती. दुकानदाराने खुर्ची पुसली. बाईने रोजचीच धावपट्टी निवडली. सगळं कसं लख्ख दिसत होतं. जमीन जवळ आली, तिने नाक उचललं, आणि विमान फुग्यासारखं वर गेलं, घुटमळलं आणि धाडकन पडलं. चारशेदहा. घरच्यापेक्षाही वाईट.

दुकानदार चुळबुळला. सवय व्हायला वेळ लागतो काकू, असं काहीतरी पुटपुटला. बाईने दुसऱ्यांदा विमान आणलं. पुन्हा तेच, वर, घुटमळणं, धाडकन. चारशेपाच. तिने हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. संपलं, असंच तिला वाटलं. वस्तादांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिचे डोळे भरून आले. नवरा दाराशी उभा होता, त्याच्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

पण एकतीस वर्षांचं डोकं असं गप्प बसत नाही. चारशेदहा आणि चारशेपाच. घरी आकडा कुठूनही कुठे उड्या मारत होता, इथे दोन्ही वेळा जवळजवळ तोच. गेलेले हात दर वेळी नवी चूक करतात, हे तिने वस्तादांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं होतं. हे हात एकच चूक करत होते, मापात. दोन्ही वेळा नाक उचललं ते अर्धा सेकंद आधी. आणि आधी का? तर नव्या आवृत्तीचा भार न झेपून घरचं यंत्र विमान जमिनीजवळ आलं की अडखळतं, उशिरा ऐकतं, म्हणून महिनाभरात हातांनी तिला न विचारताच आधी उचलायची सवय लावून घेतली होती. पण ते मेलं कधी कमी अडखळायचं, कधी जास्त, म्हणून तिथे जमत नव्हतं. हात गेले नव्हते. हात तिच्याही पुढे धावत होते.

तिने पदराने डोळे पुसले. तिसऱ्यांदा विमान आणलं, जमीन जवळ आल्यावर हात उचलू लागला त्याला मनात म्हणाली, थांब, आणि मग उचललं. पडद्यावर आकडा आला, बासष्ट.

प्रिंटरवाली बाकावरून उठून मागे येऊन उभी राहिली. क्रेनबाई खुर्चीत ताठ बसली. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि तो झाकायची तिला काही गरज वाटली नाही.

"माझा बदलायचाय," ती दुकानदाराला म्हणाली. "पण आख्खा नाही. झाडं-ढग काढूनही फरक पडला नाही, म्हणजे चित्र काढणारं कार्ड धडधाकट आहे. आतला प्रोसेसर दमलाय. तो बदला, त्याच्यासाठी बोर्ड आणि मेमरी लागेल ती बदला. डबा आणि पडदा माझा तोच राहील."

आख्खा नवा खपवायच्या बेतात असलेल्या दुकानदाराने मान हलवली. दुसरं तो करणार काय?

नवरा पुढे आला. "म्हणजे यंत्रच होतं ना?" त्याने विचारलं.

"यंत्रच होतं."

"महिनाभर मी तुझ्या हातांकडे बघतोय," तो म्हणाला. "कप उचललास की बघायचो, भाजी चिरायला घेतलीस की बघायचो. विचारायची हिंमत होत नव्हती."

चार वर्षांत त्याने शेजारी बसून तिचं एकही उतरणं पाहिलं नव्हतं, आणि तिनेही कधी बोलावलं नव्हतं. तिने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला बसवलं. पुन्हा विमान वर नेलं, वळवलं, धावपट्टीसमोर आणलं. जमीन वर वर यायला लागली तसा त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, दात आवळले आणि डोळे किलकिले केले.

"टेकायच्या आधी सांग हं," तो म्हणाला.

"अहो," बाई म्हणाली, "केव्हाच टेकलं."