पक्का करून घेतलेला ब्रेक

फोन सुहासच्या मुलीचा होता. इरा एकवीस वर्षांची, जन्म इथलाच, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकचा. "काका, बाबा गेला. सकाळी, हॉस्पिसमध्ये," ती म्हणाली. मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिसमध्ये?" जणू पत्ता कळला की बाकीचं आपोआप कळणार होतं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हता? बाबाचा आजार... दोन वर्ष झाला." मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांपासूनचा मित्र, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारा, आणि मला माहीत नव्हतं. त्या गोष्टीला आता सात आठवडे झाले, पण मी अजून तिथंच अडकून पडलो आहे.

सुहास अतिशय भिडस्त माणूस. नाही हा शब्द त्याच्या तोंडून निघायचाच नाही. खिडक्या विकणारा सेल्समन दारात आला तर हा त्याला आत घेऊन पोहे खायला घालायचा आणि वर एक खिडकी बदलून घ्यायचा. शेजाऱ्याने गवत कापायचं यंत्र नेलं, ते परत मागायची भीड वाटली म्हणून याने दुसरं घेतलं. मंडळाच्या गणपतीत तीन जणांनी तीन कामं सांगितली तर तिन्ही याच्याच गळ्यात. त्याची बायको मेधा म्हणायची, "याला कुणीतरी लग्नाला नाही म्हणायला शिकवायला हवं होतं, म्हणजे मी सुटले असते." यावर सगळ्यात मोठ्याने हसायचा तोच.

नेमबाजीतही तो असाच भिडेपोटी पडला. ऑफिसातल्या कुणीतरी म्हटलं, एकदा रविवारी क्लबात ये, आणि घरातला कोळी कागदावर धरून बाहेर सोडणारा हा माणूस रायफल हातात घेऊन बसला. कागदी चकत्यांवर मारायचं, बाकी काही नाही. वर्षभरात त्याने मलाही ओढलं. पोलिसांचं सर्टिफिकेट, भिंतीत बोल्ट केलेलं पोलादी कपाट, त्याची चावी कुठे ठेवतो हे बायकोलाही न सांगणं, सगळे सोपस्कार आम्ही दोघांनी हौसेने केले. रविवारी सकाळी शेजारी शेजारी बसायचं, थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचा, एकमेकांच्या नेमाची टर उडवायची... पन्नाशीनंतर इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

मग त्याने रायफलला तो ब्रेक बसवला. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाशी लावायचा बोटभर लांबीचा पोलादी तुकडा. त्याला बाजूंनी खाचा असतात. गोळीमागचा वायू त्यातून दोन्हीकडे फेकला जातो आणि खांद्याला बसणारा धक्का निम्मा होतो. बसणाऱ्याला आराम, शेजाऱ्याचे हाल. कानावर संरक्षण असूनही प्रत्येक गोळीला माझ्या दातांत कळ जायची, समोरचे कागद उडायचे. मी म्हटलं, "सुहास, काढ रे ते. आटे फिरवले की निघतं." तो म्हणाला, "काढतो ना, पुढच्या रविवारी काढतो." एका रविवारी खरंच काढून आला. चार गोळ्या मारल्या, रायफल बाजूला ठेवली आणि म्हणाला, "चल, चहा घेऊ." पुढच्या आठवड्यात ब्रेक पुन्हा जागेवर. मी पुन्हा सांगितलं. जरा आवाज चढवूनच.

त्यानंतरच्या रविवारी तो आला तेव्हा चेहऱ्यावर ते त्याचं ओशाळं हसू होतं. "अभय, आता ते निघतच नाही रे. पक्कं करून घेतलं. वेल्ड." मला वाटलं, माझ्या तोंडावर चपराक मारली याने. आयुष्यात कुणाला नाही न म्हणालेला माणूस पहिलं नाही म्हणतो ते मला, आणि तेही वेल्डिंग करून. मी सामान उचललं आणि लांबच्या जागेवर जाऊन बसलो. महिन्याभरात शनिवारचा गट धरला. दिवाळीच्या कार्यक्रमात तो माझ्यासाठी अनारशाची डिश घेऊन आला. "घे, तुला आवडतात." मी म्हटलं, "नको." तो डिश घेऊन तसाच थोडा वेळ उभा राहिला. आमची शेवटची भेट ही. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

सुहास गेल्यावर रायफल घरात ठेवणं मेधाला कायद्याने शक्य नव्हतं. कीथ नावाचा परवानाधारक विक्रेता येऊन ती घेऊन गेला. आठवड्याने मेधाने मला बोलावलं. "ती तू घे, अभय. तुझ्या सर्टिफिकेटवर चढवता येते असं कीथ म्हणाला. परक्याकडे नको." मी हो म्हटलं, पण मनात पहिला विचार आला तो ब्रेकचा. आणि मग मी तिला विचारलं, आजार नक्की काय होता. ती म्हणाली, "हाडांचा कॅन्सर. खांद्यापासून सुरू झाला. रात्ररात्र खुर्चीत बसून काढायचा." कुठला खांदा, मी विचारलं. तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. सुहास उजव्या खांद्यावर रायफल टेकवायचा. चार गोळ्या आणि चहा... तेव्हा मी हिशेबच केला नव्हता. "मला का नाही सांगितलं त्याने?" मेधा म्हणाली, "मला काय माहीत? मला वाटलं तुला सांगितलंय, म्हणून तू येत नाहीस."

परवा मी एकटाच कीथच्या वर्कशॉपमध्ये गेलो. सत्तरीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने रायफल फडक्यावर ठेवली आणि सांगितलं की ब्रेक काढायचा तर नळीचं टोक त्याच्यासकट कापावं लागेल, मग नवं तोंड घडवायचं. रायफल दोन इंचांनी तोकडी होईल, पण चांगली चालेल. मी विचारलं, "हे वेल्ड तुम्हीच केलंत?" तो म्हणाला, "मीच. मी त्याला नको म्हणत होतो. साधे आटे बरे, हवं तेव्हा काढता येतो. तो म्हणाला, 'तेच तर नकोय. माझा एक मित्र आहे, तो काढ म्हणतो. तो पुन्हा म्हणाला तर मी काढणार, मला ठाऊक आहे. आणि काढला तर मला त्याच्या शेजारी बसता येणार नाही.'"

मी कीथला ते पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. त्याला खांद्याचं काही ठाऊक नव्हतं. त्याला ती एका विक्षिप्त गिऱ्हाइकाची गंमत वाटली होती.

मला अजून याचा नीट अर्थ लागत नाही. खांदा दुखतो, एवढे दोन शब्द बोलला असता तर मी कानांत बोळे कोंबून जन्मभर बसलो असतो. की मी म्हणालो असतो, मग घरी बस, कशाला हट्ट करतोस? बहुधा तेच म्हणालो असतो. आणि तो घरी बसला असता, मी सांगितलं म्हणून. हे त्याला माहीत होतं का? की नुसतीच भीड, आजाराचं सांगायचीसुद्धा? कधी मला त्याचा भयंकर राग येतो. मग तो डिश घेऊन उभा असलेला दिसतो आणि राग कुणावर धरायचा तेच कळेनासं होतं.

कीथ चष्मा कपाळावर सरकवून थांबला होता. "मग? काढू का?"

मी त्या खाचांवरून बोट फिरवलं. मी सांगितलं तरी निघू नये म्हणून सुहासने एवढी खटपट केली होती. आणि आता मी नुसतं हो म्हटलं तर ते तासाभरात निघणार होतं.

"नाही," मी म्हणालो.