खोडाळ्याच्या दवाखान्याबद्दल विचारलं तेव्हा

जव्हार संस्थान विलीन झालं आणि आमचे हे मुंबई सरकारचे नोकर झाले. काम मात्र तेच राहिलं. खोडाळ्याच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर जव्हारहून अधूनमधून यायचे. एरवी ताप, खरूज, कुऱ्हाडीचे घाव, सगळं हेच बघायचे. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आमचा संसार. औषध न्यायला लोकांनी घरून बाटली आणायची असे. डोंगरातल्या पाड्यांवर बाटल्या कुठल्या? मग एक डोस इथंच पाजायचा आणि उद्या परत या म्हणायचं. ते यायचेही.

काही वर्षांनी बाजाराच्या दिवशी दवंडी पिटली. दवाखाना इथंच ठेवायचा की मोखाड्याला हलवायचा, यावर सरकार लोकांचं मत घेणार आहे, सर्वांनी चावडीवर यावं. मला फार बरं वाटलं.

"विचारताहेत तरी," मी यांना म्हटलं.

"विचारू देत. तू मध्ये पडू नकोस. मी सरकारी माणूस आहे."

तारीख धरली होती ऐन आवणीत. जो तो चिखलात भात लावत होता. मी जवळच्या पाड्यांवर जाऊन बायकांना सांगून आले. वरच्या पाड्यावर एक आजी होती. तिच्या नातीला सारखा हिवताप यायचा, म्हणून तिची आमच्याकडे नेहमीची ये-जा. ती हसलीच.

"आमाला कोन इचारतंय, बाय?"

"या वेळी विचारणार आहेत, आजी. तुम्ही या."

ती आली. लावणी अर्धी टाकून सुनांनाही घेऊन आली. इरली डोक्यावर घेऊन बायका चावडीपुढं भिजत बसल्या. दुपार टळल्यावर निरोप आला, ओढ्याला पाणी आलंय, साहेबांची जीप माघारी गेली. आजी उठली. इरलं उचललं आणि सुनांना घेऊन चालू लागली. मला मात्र तिच्याकडं बघवेना.

पुढची तारीख पडली माघात. तेव्हा पाडेच्या पाडे गवत कापायला खाली समुद्राकाठच्या बंदरपट्टीकडं गेलेले असतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण तारीख ठरवणाऱ्याला नाही. चावडीवर गावातले दुकानदार, थोडी म्हातारी माणसं आणि आजी, एवढेच.

साहेब तरुण होते, बोलायला मऊ. "आपल्या काही अडचणी असल्यास निःसंकोच मांडाव्यात," ते म्हणाले. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी मीच म्हटलं, "दवाखान्यात काय अडतं, ते विचारतायत."

आजी उभी राहिली. "अडतं त. पावसात तापाचा कोयनेल नव्हता. डागदर कवा दिसत नाय. पोरीला उचलून आनली, तशीच माघारी नेली."

साहेब मान डोलवत ऐकत होते. "म्हणजे या दवाखान्याचा तुम्हाला उपयोग होत नाही."

आजी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात एक दुकानदार म्हणाला, "मोखाड्याला मोठा होणार असेल तर चांगलंच आहे की." तो मालाच्या लॉरीत बसून मोखाड्याला नेहमीच जायचा.

मला राहवलं नाही. "साहेब, औषध नव्हतं म्हणाली ती. दवाखाना नको असं कुठं म्हणाली? औषध पाठवा, डॉक्टर पाठवा."

"आपण?"

"कंपाउंडरची बायको," कुणीतरी सांगितलं.

"मग बाई, आपलं मत धरता येणार नाही. आपला यात स्वार्थ येतो."

स्वार्थ! मोखाड्याला आम्हाला वेगळी पक्की खोली मिळणार होती. इथं गळणाऱ्या छपराखाली माझा कसला स्वार्थ? पण एवढं ओठांवर येईपर्यंत साहेब सगळ्यांचे आभार मानून उठले होते. हे दाराशी उभे होते, खाली बघत.

घरी आल्यावर मी भडकले. "अहो, औषध का नव्हतं ते तुम्हाला ठाऊक. मागणी करकरून तुम्ही थकलात. एक शब्द बोलायचा होतात!"

"मला कुणी विचारलं नाही."

"आणि विचारलं असतं तर?"

ते हात धुवायला गेले.

पावसाच्या आधी दवाखाना हलला. बैलगाडीत औषधांचं कपाट, तराजू, खलबत्ता आणि वर आमची भांडी. मोखाड्याची खोली खरंच चांगली होती. त्यामुळे तर मी आणखीच चिडायची.

त्याच पावसाळ्यात आजीच्या नातीला झोळीत घालून आणलं. दिवसभराची वाट, पोर अगदी मलूल. रोज सुई टोचायची म्हणून राहणं भाग होतं, आणि राहायला जागा नाही. सगळी आमच्या पडवीत झोपली.

"असे सगळेच राहायला लागले तर कसं व्हायचं?" हे म्हणाले.

"मग त्यांनी जायचं कुठं?"

आजीनं ऐकलं. "भांडू नको, बाय. पोर उठली का जातू आमी."

मी यांच्याशी भांडत नव्हते. पण कुणाशी भांडत होते ते तिला कसं सांगणार? पोर बरी झाली, ती सगळी गेली. त्यानंतर त्या पाड्यावरून कुणी आलं नाही. माणसं आजारी पडत होती, बाजारात कानावर यायचं. इतक्या लांब आणणार कोण?

"इथं त्या मानानं काम कमी आहे," हे एकदा जेवताना म्हणाले, जरा बरं वाटल्यासारखे. मी वाढणं टाकून पडवीत जाऊन बसले.