थुंकायला शिकवणारे सर

सर फार देखणे थुंकायचे. वाचून लगेच नाक मुरडू नका. वाइन चाखणाऱ्यानं घोट तोंडात घोळवायचा, वरून थोडी हवा ओढायची आणि थुंकून टाकायचा, नाहीतर चार ग्लासांनंतर सगळंच गोड लागायला लागतं. सरांची धार सरळ, बारीक आणि नेमकी पितळी पिकदाणीत जायची. शर्टावर एक थेंब दिसेल तर शपथ. पिकदाणी ते घरून पिशवीत घालून आणायचे. बसचा कंडक्टर त्यांना पानाचे शौकीन समजायचा आणि सर त्याला खुशाल तसं समजू द्यायचे.

खुलताबादच्या पुढं माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा, द्राक्षांचा मळा आहे. मी फूड टेक्नॉलॉजी शिकून या घरात आले. मीच हट्ट धरला म्हणून अण्णांनी शार्डोने ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली आणि लहानशी वायनरीही उभी केली. शार्डोने हा शब्द मात्र त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. ते म्हणायचे शारदा. "आपली शारदा औंदा लई भरलीय," असं ते भेटेल त्याला सांगत, आणि ऐकणारा मुलीची चौकशी करी. सर कॉलेजातून निवृत्त होऊन शहरात औरंगपुऱ्यात राहत होते. आम्ही सल्ला विचारायला गेलो, तेव्हापासून ते दर आठवड्याला बसनं येऊ लागले.

पहिल्याच दिवशी मी एक घोट घेऊन "छान आहे" म्हणाले. सरांनी चष्मा काढला. "छान हे शेजारणीच्या पातळाला म्हणावं. ही काय आहे ते सांग. अंगानं पातळ की भरलेली? लिंबाकडं जाते की पिकल्या आंब्याकडं? लोण्याचा वास आहे? खरपूस की करपट? तुला आवडली की नाही, ते कुणी विचारलंय?" खरपूस आणि करपट यांतला फरक कळावा म्हणून त्यांनी मला आमच्याच चुलीवर दोन भाकरी भाजायला लावल्या आणि एक मुद्दाम जाळायला. सासूबाई आठवडाभर त्यावरून हसत होत्या.

सर निजामाच्या राज्यात, पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी, एक-दोन इयत्ता उर्दूत शिकलेले. तेवढी उर्दू त्यांना जन्मभर पुरली. ओकच्या लाकडी पिंपात मुरलेल्या शार्डोनेबद्दल बोलताना त्यांचा एक शब्द ठरलेला होता, तमीज, म्हणजे अदब. "लाकडाला तमीज पाहिजे," ते म्हणायचे. "फळ बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. मागं उभं राहून हुंकार द्यायचा." वाइन आवडली की ते डोळे मिटून "बातमीज आहे", म्हणजे अदबीची आहे, असं म्हणत, आणि आम्हाला त्यातच सगळं कळायचं.

पण माझी अडचण वेगळीच होती. सासऱ्यांसमोर सून थुंकणार कशी? अण्णा खोलीत आले की मी डोक्यावर पदर घ्यायची आणि घोट गुपचूप गिळायची. एकदा असे सात-आठ घोट पोटात गेले आणि मी पाण्याचा ग्लास नाकाला लावून "यात फळ फार छान आहे" असं सांगितलं. अण्णा घाबरले. सरांना मात्र सगळा प्रकार लक्षात आला. त्यांनी पिकदाणी उचलून अण्णांच्या पुढ्यात ठेवली. "अण्णासाहेब, आजपासून पहिला मान तुमचा. तुम्ही थुंकल्याशिवाय इथं कुणी थुंकायचं नाही."

"मी व्हय?" अण्णा म्हणाले. पण माणूस जन्माचा तंबाखूवाला. घोट घेतला आणि बसल्या जागेवरून असा नेम साधला की सर उठून उभे राहिले. "माशाल्ला!" अण्णा लाजले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "थुंक गं पोरी, कामच हाय ते." मला त्या क्षणी अण्णांच्या आणि सरांच्याही पाया पडावंसं वाटलं.

खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. निम्मी शार्डोने स्टीलच्या टाकीत होती आणि निम्मी अमेरिकन ओकच्या पिंपांत. दुसऱ्या दिवशी बाटल्या भरायच्या होत्या. पिंपातल्या वाइनला ओल्या नारळाचा दणदणीत वास येत होता, आणि अण्णा त्यावर बेहद्द खूश होते. दसऱ्याला त्यांनी प्रत्येक पिंपाची पूजा करून त्यावर नारळ फोडला होता. "देवानं वास घातलाय," ते म्हणाले. "हिच्यात काय मिसळायचं नाय. अशीच भरायची. काय मास्तर?"

सरांनी चाखलं, थुंकलं आणि रुमालानं ओठ टिपले. "मी आज बोलणार नाही. सूनबाईंना विचारा."

अण्णांच्या नारळाला नाही म्हणायचं होतं, आणि गप्प बसले तर वर्षभराची वाइन तशीच बाटलीत जाणार होती. मी घोट घेतला, घोळवला, अण्णांसमोर थुंकला. "अण्णा, अंग भरलंय, लोणी आहे, शेवटाला खरपूस आहे. पण नारळाचा वास लाकडाचा आहे, देवाचा नाही. पुढं लाकूडच बोलतंय, आपल्या शारदेला बोलूच देत नाही. टाकीतली मिसळायला पाहिजे."

अण्णांनी पिंपावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "किती मिसळायची?"

संध्याकाळी मी सरांना फाट्यावर सोडायला गेले. वेरूळकडून बस येताना दिसली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही." माझं काही चुकलं का, असं मी विचारलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "एका घराला दोन जिभा कशाला?" मला भर रस्त्यात रडू आलं. सर बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि समोर बघत राहिले. बहुतेक त्यांनाही आलं असावं. त्यानंतर फोनवर बोलणं होत राहिलं, पण वायनरीत ते पुन्हा आले नाहीत. आता तर सरच राहिले नाहीत.

बस गेल्यावर मी परत आले. टाकीशेजारी अण्णा बसले होते. त्यांनी ग्लास धुऊन पुसून, वाइन ओतून मांडून ठेवले होते, आणि पहिला मान माझा म्हणून एकालाही ओठ लावला नव्हता.