साडूच्या कोटाचं अस्तर

आमचा मामा शिंपी आहे आणि हिरव्यांचा भक्त आहे. पहिलं पोटासाठी, दुसरं कशासाठी ते मामीला अजून कळलेलं नाही. हिरवे म्हणजे आमच्या हॉकी लीगमधला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीचा संघ. यंदा अर्धा मोसम उलटला तेव्हा हे आठ संघांत आठवे होते, आणि नववा संघ असता तर नववे असते.

नेमका तेव्हाच मामाच्या सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. मामीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मामाचे साडू, पाणीपुरवठा ऑफिसात हेडक्लार्क आहेत आणि पिवळ्यांचे कट्टर. ताटं मांडली जात असताना ते घसा खाकरून उठले आणि पडेल चेहऱ्याने म्हणाले, "आपल्या टेलरमास्तरांचा संघ आपल्यातून गेला. सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं."

सगळं सासर उभं राहिलं. सासरे काठी टेकून उभे राहिले. मामी उभी राहिली. एकटा मामा बसून होता.

"दोन मिनिटं केवढी असतात ते तुला नाही कळायचं," मामा नंतर मला म्हणाला. "तुझी मामी पूर्ण वेळ उभी होती. हसू दाबून. याचं उट्टं काढणार, आणि तेही चारचौघांतच."

कशाच्या जोरावर, ते मी विचारलं नाही.

मग हिरव्यांना काय चावलं कोण जाणे, ते जिंकायला लागले. एक झाला, दुसरा झाला. तिसरा तर दोन गोलांनी मागे पडून जिंकला. मामाने आनंदाचा मागमूस दाखवला नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मास्तर, यंदा तुमचेच," की मामा तोंडातल्या टाचण्या काढून "बघू" म्हणायचा आणि टाचण्या परत तोंडात. जो "नक्की जिंकणार" म्हणाला त्याची पँट आठवडाभर लांबली. मी एकदा गुणतक्ता मांडायला बसलो, तर कातर उगारून म्हणाला, "तक्त्याला हात लावू नकोस. दृष्ट लागते."

चौथ्या विजयानंतर साडू दुकानात आले. ते निवृत्त होत होते, समारंभ ठरला होता आणि त्यांना कोट हवा होता.

"उन्हाळा आहे, हलकं कापड घ्या," असं कोणताही शिंपी म्हणाला असता. मामाने सगळ्यात जाड लोकरी कापडाचा तागा खाली काढला. "साडूभाऊ, पदाला वजन हवं," म्हणाला. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

पाचवा सामना जिंकला आणि कपाटातून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सॅटिन बाहेर आलं. मामाने ते कोटाला आतून कच्च्या टाक्यांनी लावलं. कच्चा टाका म्हणजे नुसता धरून ठेवणारा, एक दोरा ओढला की सुटणारा. शेजारी राखाडी अस्तरही कापून, इस्त्री करून ठेवलेलं.

"मामा, दोन-दोन अस्तरं?"

"हिरवे जिंकले तर हे. हरले तर ते."

"मग हे आत्ताच कशाला टाचलंस?"

"टाचलंय. शिवलंय का?"

सहावा सामनाही जिंकला. शेवटचा पिवळ्यांशीच होता. जिंकेल तो चौथा, म्हणजे सेमीफायनलला; हरेल तो घरी. तोही समारंभाच्या आदल्या दुपारी.

त्या दुपारी मामाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, मोबाईल इस्त्रीला टेकवला आणि सुईत दोरा ओवून बसला. पहिला गोल पिवळ्यांचा. मामाने मुकाट्याने राखाडी अस्तर जवळ ओढलं. बरोबरी झाली, ते दूर सरकवलं. असं ते दोनदा आलं-गेलं. शेवटी ३-२ हिरवे पुढे आणि मिनिट राहिलेलं असताना पिवळ्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला.

"आता शीव की," मी म्हणालो.

"गप्प बस."

गोलकीपरने चेंडू पायाने उडवला आणि शिट्टी झाली. मामा ओरडला नाही, उठलाही नाही. पहिला पक्का टाका घातला आणि म्हणाला, "पांढरी फीत दे." पाठीच्या अस्तरावर त्याने वीतभर उंचीचे आकडे शिवले. ३-२. मामाची इतकी सुबक तुरपाई मी आधी पाहिली नव्हती.

साडूंना त्याने निरोप धाडला, कोट हॉलवरच आणतो, इस्त्री ताजी राहील. सकाळी त्याने तो मागून धरून त्यांच्या अंगात चढवला, स्वतः बटणं लावली, खांदे झटकले. साडू कालच्या पराभवाने आधीच गळाठलेले, त्यांनी आत पाहिलं नाही.

हॉलमध्ये पंखे सगळे लोकांच्या डोक्यावर, स्टेजवर एकही नाही. तिसऱ्या भाषणाला साडूंच्या कपाळावरून धारा लागल्या. चौथ्याला त्यांनी वरचं बटण काढलं, रुमालासाठी आतल्या खिशात हात घातला आणि खाली पाहिलं. मग त्यांनी दुसऱ्या रांगेत बसलेल्या मामाकडे पाहिलं. मामाने आधी तीन बोटं दाखवली, मग दोन, मग स्वतःची पाठ थोपटली.

साडूंनी बटण परत लावलं.

"अहो साहेब, काढा तो कोट, घरचीच माणसं आहेत," ऑफिसचे इंजिनिअर माईकवरूनच म्हणाले.

"नको, नको. बरा आहे."

"काढा की, साडूभाऊ," दुसऱ्या रांगेतून मामा मायेने म्हणाला. "कशाला घुसमटता?"

आणखी चार भाषणं झाली. दर भाषणानंतर मामा एकदा आग्रह करी. सासरेही म्हणाले, मामीची थोरली बहीण तर दोनदा स्टेजवर जाऊन म्हणाली. पण त्या माणसाने एक बटण सोडलं नाही. शेवटी सत्काराला उत्तर द्यायला उठले तेव्हा आवाजसुद्धा भिजलेला होता. लोकांना वाटलं गहिवरले. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या रांगेत ते मामाजवळ आले. "झालं ना समाधान, मास्तर? उद्या कोट पाठवतो, अस्तर बदलून द्या."

"देईन की. मोसम संपल्यावर. बुधवारी सेमीफायनल आहे, आत्ता टाके उसवून अपशकुन कोण करणार?"

"अहो, परवा मला इंजिनिअरसाहेबांनी घरी जेवायला बोलावलंय. हाच कोट घालून या म्हणालेत."

"मग जा ना," मामा म्हणाला. "फक्त पंख्याखालची जागा धरा."