काकूचा सकाळचा आकडा

काकू आकडा लावते, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी जिन्यात भेटेल त्याचा फोन मागून घ्यायची, काहीतरी टाइप करायची, ओठातल्या ओठात "तिसरा" म्हणायची आणि फोन परत द्यायची. मी तिची पुतणी, तिच्या त्या "तिसरा"ची हुबेहूब नक्कल करायचे. "पाचवा" निघाला की दिवसभर चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मान हलवायच्या. "नवरा देवमाणूस हो. आणि हिचे हे धंदे."

खरं एवढंच, की काका कानाची मशिनं दुरुस्त करतो. दुकान गल्लीच्या पोटात, रस्त्यावरून दिसत नाही. गिऱ्हाईक येतं ते इंटरनेटवर शोधून, आणि वेबसाइट सांभाळते काकू. शोधल्यावर आपलं दुकान कितवं येतं, हा तिचा आकडा. तिचा स्वतःचा फोन तोंडपुजा. रोज तीच साइट उघडली जाते म्हणून तिला पहिलाच नंबर दाखवतो. खरं बोलतात ते परक्यांचे फोन.

त्या गुरुवारी शिंपीणबाईंचा फोन हातात घेऊन काकू काहीच पुटपुटली नाही. पहिलं पान, दुसरं, पाचवं. दुकान नव्हतंच. ती पुढची पानं उलटतच राहिली, शेवटी बाईंनीच फोन काढून घेतला.

दुकान बसलं तर काकासाठी मेहुण्याच्या गोदामात नोकरी ठरलेली होती, परगावी. दुपारपर्यंत आम्ही तिघं दुकानात, आणि दुकानाचा फोन मेल्यासारखा पडून. एकदाच वाजला, तो काकूने झडप घालून उचलला. मेहुणाच होता, नेहमीसारखा नाकातून. "काय मंग, कधी येताय आमच्याकडं?"

"कोपऱ्यावरच्या नव्या दुकानवाल्याचं काम आहे हे," मी म्हटलं. "पैज लाव."

"हरलीस तर माझी नक्कल बंद," काकू स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "आपला आकडा परत येईपर्यंत."

मग ती साइटच्या एकेका पानाचा, शोधात ते कितवं येत होतं त्याचा आलेख उघडत गेली. "कुणी ढकललं असतं तर पायऱ्यांवरून गडगडत गेलो असतो. पाचवे, नववे, विसावे. इथे बघ, प्रत्येक पान जागेवर आहे, आणि मग एकदम नाहीच. आतून कडी लागलीय, गं."

दोघींनी काकाकडे पाहिलं. काका बारीक स्क्रू आवळत होता, तो तसाच थांबला.

"मी फक्त अर्धं शटर ओढलं होतं," तो म्हणाला.

झाडू मारताना अर्धं शटर ओढायची त्याची सवय अख्ख्या गल्लीला माहीत. दोन दिवस आधी साइटवर नवे फोटो चढवताना त्याला एक चौकट दिसली: शोधणाऱ्यांना सध्या आत येऊ देऊ नका. पसाऱ्यात कुणी यायला नको म्हणून त्याने खूण केली, आणि शटर वर करायचं राहून गेलं.

काकूने खूण काढली. रागावली नाही, तेवढं त्राणच नव्हतं.

"आता येईल ना परत?" काकाने विचारलं.

"येईल. तिसराच येईल असं नाही."

पैज मी हरले. तिचा तो "तिसरा" माझ्या जिभेवर तयार असतो आणि मला गिळावा लागतो. सकाळी जिन्यात आता मीच फोन मागते. काल चौदावा होता, आज सतरावा. माझा चेहरा बघून शिंपीणबाई म्हणाल्या, "लागला, हिलाही नाद लागला."